श्वास अडकला तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं: नवख्यांसाठी स्टेप बाय स्टेप

घरात दम्याचा पेशंट आहे म्हणून मी फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलं आणि नंतर ते प्रत्यक्ष वापरायची वेळही आली. तेव्हापासून एक गोष्ट सारखी जाणवते, की माहिती सगळ्यांकडे थोडी थोडी असते पण आधी काय आणि नंतर काय हे कोणालाच पक्कं माहीत नसतं. एक जण पाणी आणायला पळतो, दुसरा पाठ चोळत बसतो, तिसरा ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतो आणि ह्यात मिनिटं निघून जातात. मेंदूला ऑक्सिजन मिळणं पूर्ण थांबलं तर साधारण ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा व्हायला सुरुवात होऊ शकते, म्हणजे ॲम्ब्युलन्स कितीही झटपट आली तरी पहिली मदत शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच करायची असते.

हे वाचून ट्रेनिंगची गरज संपत नाही हे आधीच सांगते. पुतळ्यावर हात ठेवून दाबल्याशिवाय किती जोर लागतो ते कळत नाही, म्हणून जमेल तेव्हा एक दिवसाचा कोर्स कराच. पण कोर्स होईपर्यंत निदान हा क्रम डोक्यात असू द्या.

१. पहिले १० सेकंद: हवा आत-बाहेर होतेय का तेवढंच बघा

आधी आजूबाजूला नजर टाका, करंट, गॅस, धूर, ट्रॅफिक असं काही नाही ना. मग माणसाला सरळ विचारा, "बोलता येतंय का?" उत्तरावरून पुढचं ठरतं.

- पूर्ण वाक्य बोलतोय किंवा जोरात खोकतोय: हवा जातेय, थोडा वेळ आहे.
- एक-दोन शब्दांतच दम तुटतोय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, मान आणि खांदे ताणून श्वास घेतोय: गंभीर आहे, लगेच फोन.
- आवाजच फुटत नाही, हात गळ्याकडे गेलाय: घसा पूर्ण बंद, स्टेप ३ वर जा.
- हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही: छाती हलतेय का बघा, नाकातोंडाशी कान नेऊन ऐका, आणि ह्याला १० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका. मग स्टेप ५ किंवा ६.

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते आवाजावरून. खोकल्याचा, घरघरीचा मोठा आवाज ऐकून घाबरतात आणि माणूस एकदम शांत झाला की "आता बरं वाटतंय वाटतं" म्हणून हायसं वाटतं. खरं तर उलट आहे, आवाज येतोय म्हणजे हवा हलतेय आणि अचानक शांतता म्हणजे हवा बंद झालेली असू शकते. ह्याला एकच मोठा अपवाद आहे, तो स्टेप ५ मध्ये येईल.

ओठ निळसर पडणं ही उशिराची खूण आहे, त्याची वाट बघू नका. सावळ्या रंगावर ते पटकन दिसतही नाही, अशा वेळी ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखं बघायची.

२. फोन: एकाने करायचा, नाव घेऊन सांगायचं

"कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. एका माणसाकडे बोट दाखवून सांगा, "तुम्ही फोन लावा आणि काय म्हणतात ते मला सांगा." एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. बऱ्याच ठिकाणी पलीकडचा माणूस फोनवरून एकेक पायरी सांगतो, त्याने सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आपल्या भागातला इमर्जन्सी नंबर आज शांत डोक्याने शोधून सेव्ह करा, ऐन वेळी शोधताना बोटं थरथरतात.

सांगायचं एवढंच: नेमका पत्ता आणि जवळची खूण, काय झालंय, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. नाव, वय, जुना इतिहास नंतर.

३. घशात काही अडकलंय: मोठी माणसं आणि १ वर्षावरची मुलं

जोरात खोकतोय तोवर हात लावू नका. त्याचा स्वतःचा खोकला तुमच्या कुठल्याही फटक्यापेक्षा भारी काम करतो, फक्त "खोका, खोकत राहा" म्हणत शेजारी उभे राहा. खूपदा लोक लाजेने उठून बाथरूमकडे जातात आणि तिथे एकटे कोसळतात, म्हणून ठसका लागलेल्या माणसाच्या मागे कोणीतरी जायलाच हवं.

खोकला फुसका झाला किंवा आवाज बंद झाला की लगेच:

अ) बाजूला उभं राहून एका हाताने त्याच्या छातीला आधार द्या आणि त्याला कमरेतून चांगलं पुढे वाकवा. ताठ उभ्या माणसाच्या पाठीत फटका मारला तर अडकलेली वस्तू आणखी खाली जाऊ शकते, म्हणून हे वाकवणं विसरू नका.

आ) दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध ५ जोरदार फटके. प्रत्येक फटका वेगळा, ह्यानेच वस्तू सुटेल अशा हिशोबाने. थोपटायचं नाहीये.

इ) नाही निघालं तर मागे उभे राहा, दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती घाला, एका हाताची मूठ बेंबीच्या थोडी वर पण छातीच्या हाडाच्या टोकाच्या बरीच खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती मूठ पकडा आणि आत-वरच्या दिशेने ५ झटके द्या. लहान मूल असेल तर गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीला या आणि जोर त्याच्या अंगाच्या मानाने लावा.

ई) ५ फटके, ५ झटके, पुन्हा ५ फटके... वस्तू निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत.

पोटाच्या झटक्यांची ही पद्धत हेन्री हाइमलिक ह्या अमेरिकन सर्जनने १९७४ मध्ये मांडली. फुफ्फुसात जी हवा उरलेली असते तीच खालून दाबून बाहेर ढकलायची आणि तिच्या जोराने अडकलेलं बाहेर काढायचं असं त्यामागचं साधं तत्त्व आहे. म्हणूनच मूठ बरगड्यांवर न ठेवता पोटाच्या मऊ भागावर ठेवायची.

गरोदर बाई असेल, किंवा पोटाभोवती हात पुरत नसतील, तर पोट सोडून छातीच्या मधल्या हाडावर मूठ ठेवून सरळ मागे झटके द्यायचे.

एकटे असताना तुमच्याच घशात अडकलं तर खुर्चीच्या पाठीवर किंवा टेबलाच्या कडेवर बेंबीच्या वरचा भाग टेकवून स्वतःला जोरात खाली-पुढे झोकायचं. त्याआधी फोन लावून तसाच चालू ठेवा, बोलता नाही आलं तरी.

माणूस बेशुद्ध पडला तर त्याला सांभाळून जमिनीवर निजवा आणि सरळ सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा (स्टेप ५). प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा, वस्तू समोर दिसत असेल तरच काढा.

इथले ट्रॅप:
- न बघता बोट घशात घालणं. वस्तू आणखी आत जाऊन पक्की बसते.
- पाणी पाजणं किंवा वरून आणखी घास खायला देणं. बंद घशातून ते कुठेच जात नाही, उलट श्वासनलिकेत जायची भीती.
- ओढून काढणारं सक्शनचं उपकरण शोधत बसणं. हात जवळ आहेत, ते आधी वापरा.
- वस्तू निघाली म्हणून डॉक्टरकडे न जाणं. पोटाच्या झटक्यांनी आत इजा झालेली असू शकते, ती बाहेरून दिसत नाही, आणि खोकला किंवा काहीतरी अडकल्यासारखं वाटणं चालूच राहिलं तर एखादा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

४. एक वर्षाच्या आतलं बाळ

बाळाला पोटाचे झटके कधीच द्यायचे नाहीत, लिव्हरला इजा होऊ शकते. पाय धरून उलटं लटकवायचंही नाही, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

बाळाला पालथं करून तुमच्या हातावर घ्या, हात मांडीवर टेकवा, जबडा बोटांनी धरून डोकं छातीपेक्षा खाली ठेवा. बोटं गळ्यावर नको, हाडावर. पाठीवर ५ फटके. मग डोकं आणि मान सांभाळत उताणं करा, डोकं खालीच, आणि छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, एका हाताच्या मनगटाजवळच्या भागाने ५ वेळा दाबा. आलटून पालटून हेच करत राहायचं. बाळ ढिलं पडलं, प्रतिसाद थांबला तर सीपीआर.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कडक गोळ्या, फुटलेल्या फुग्याचे तुकडे हे सगळे धोक्याचे. द्राक्षं लांबीत उभी कापून द्या. आडवी चकती कापली तरी ती गोलच राहते आणि घशावर झाकणासारखी बसते.

५. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही: सीपीआर

आता तो अपवाद. हृदय बंद पडल्यानंतर पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून उचकीसारखा, घोरल्यासारखा, मासा हवेसाठी तोंड उघडतो तसा आवाज करत श्वास ओढताना दिसू शकतो. तो श्वास नव्हे. हे बघून "श्वास चालू आहे" म्हणून लोक थांबतात आणि इथेच जीव जातो. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सुरू करा. शंका आली तरी सुरू करा, चुकून जिवंत हृदयावर दाबलं तर होणारं नुकसान किरकोळ असतं, न दाबल्याचं नुकसान भरून येत नाही.

- कडक जमिनीवर उताणं निजवा. गादीवर दाबलं तर गादीच दबते.
- छातीच्या मध्यभागी, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे बरोबर वर. जोर दंडाचा नाही, कमरेपासूनच्या वजनाचा लावायचा.
- मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेमी आत गेली पाहिजे, ६ सेमीच्या वर नको. मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. मोठ्याने मोजा.
- प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकल्यावर आपण नकळत अंगावर टेकून राहतो आणि मग हृदयात रक्त भरतच नाही.
- ३० दाब झाले की २ श्वास: कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडावर तोंड घट्ट, साधारण १ सेकंदाची फुंकर, छाती वर आलेली दिसली पाहिजे. नाही आली तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा श्वास द्या आणि लगेच दाबायला लागा.
- कोणी असेल तर दर २ मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूस जोरात दाबतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात खोली कमी झालेली असते.

तोंडाने श्वास देता येत नसेल, भीती वाटत असेल तर मोठ्या माणसाला फक्त दाबत राहा, काहीच न करण्यापेक्षा ते खूपच चांगलं. पण मूल असेल, बुडालेला असेल किंवा घशात अडकून बेशुद्ध झालेला असेल तर मूळ अडचणच ऑक्सिजनची असते, तिथे श्वास देणं फार महत्त्वाचं.

मुलांना एका किंवा दोन हातांनी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५ सेमी. बाळाला दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी किंवा एका हाताच्या मनगटाजवळच्या भागाने, साधारण ४ सेमी, आणि फुंकर गालातल्या हवेइतकीच, बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन.

दाबताना कट असा आवाज येऊ शकतो, बरगडी मोडते. थांबू नका, बरगडी भरून येते. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर ह्या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे मांडलं, त्याआधी ह्यासाठी छाती कापावी लागायची. आता दोन हात पुरतात.

जवळ एईडी मशीन (हृदयाला शॉक देणारं) असेल तर कोणाला तरी आणायला पाठवा. चालू केलं की ते स्वतः बोलून सांगतं, छाती ओली असेल तर पुसा आणि चित्राप्रमाणे पॅड चिकटवा. गरज नसेल तर ते शॉक देतच नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

६. प्रतिसाद नाही पण श्वास नीट चालू आहे

उताण्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करू शकते, उलटी झाली तर तीही आत जाते. म्हणून कुशीवर वळवा: जवळचा हात बाजूला पसरून, पलीकडचा हात गालाखाली, पलीकडचा गुडघा वाकवून तुमच्याकडे ओढा, मग डोकं किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे. उशी नको. दर मिनिटाला श्वास बघत राहा, थांबला तर उताणं करून सीपीआर. उंचावरून पडलेला असेल, मानेला मार असेल तर विनाकारण हलवू नका, पण उलटी होत असेल किंवा श्वास अडकत असेल तर मान-पाठ एका रेषेत धरून वळवावंच लागतं.

७. दम्याचा अटॅक

बसवा. झोपवायचं नाही. पुढे किंचित झुकून, कोपर टेबलावर किंवा गुडघ्यावर टेकवून बसलं की छातीला काम सोपं जातं. गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि भोवतीची गर्दी हटवा.

लगेच आराम देणारा इनहेलर (बहुतेक वेळा निळा, सालब्युटामॉलचा) चांगला हलवा, स्पेसर (इनहेलर आणि तोंड ह्यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावा, एक पफ मारा आणि ४ श्वास घ्यायला सांगा. असे एकेक करून ४ पफ. ४ मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर पुन्हा ४ आणि ॲम्ब्युलन्सला फोन, ती येईपर्यंत हेच चालू. डॉक्टरांनी त्या पेशंटला वेगळा प्लॅन लिहून दिला असेल तर तोच पाळायचा. सुरुवातीलाच बोलता येत नसेल, ओठ निळे असतील किंवा गुंगी येत असेल तर ४ मिनिटांची वाट न बघता आधी फोन.

स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला इनहेलरच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागवता येतं. तेवढाही वेळ नसेल तर थेट तोंडात मारा.

घरातल्या सगळ्यांना दोन गोष्टी शिकवून ठेवा. एक, रोज घ्यायचा स्टेरॉइडचा इनहेलर आणि हा इनहेलर वेगळे, रोजचा एकटा स्टेरॉइडवाला अटॅकमध्ये लगेच उपयोगी पडत नाही, त्यामुळे दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन, हलवल्यावर आवाज येतो म्हणजे औषध शिल्लक आहे असं अजिबात नाही, औषध संपल्यावरही आतला गॅस उरतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची ट्रिकही चुकीची. काउंटर असेल तर तो बघा, नसेल तर पफ मोजत जा, बऱ्याच इनहेलरमध्ये २०० असतात.

आणि घरघर थांबली पण माणूस थकून गळून गेलाय, बोलत नाहीये, तर तो अटॅक संपलेला नाही. हवा इतकी कमी जातेय की शिट्टीसारखा आवाजसुद्धा निघत नाही. ही सगळ्यात वाईट अवस्था, इथे "झोपू द्या त्याला जरा" म्हणू नका.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं सोडून द्या. घबराटीचा श्वास आणि दम्याचा श्वास बाहेरून सारखा दिसू शकतो, आणि दम्याच्या पेशंटला पिशवी लावली तर असलेला ऑक्सिजनही कमी होतो.

८. ॲलर्जीची गंभीर रिॲक्शन

एखादा पदार्थ, औषध किंवा मधमाशी चावल्यानंतर काही मिनिटांत जीभ-ओठ सुजणं, आवाज घोगरा होणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, धाप, चक्कर, अंगावर गांधी. गांधी उठल्याच पाहिजेत असं नाही, त्या नसतानाही हे होऊ शकतं.

ह्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. पेशंटकडे ऑटो-इंजेक्टर पेन (औषध भरून तयार असलेलं, दाबून टोचायचं इंजेक्शन) असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कपड्यावरूनही चालतं, दाबून पेनवर लिहिलेत तेवढे सेकंद धरून ठेवा. मोठ्यांचं नेहमी ०.३ मिग्रॅ असतं आणि लहान मुलांचं ०.१५. मग फोन. ५ मिनिटांत सुधारणा नाही आणि दुसरा पेन आहे तर दुसरा द्या. ॲलर्जीची गोळी ह्याला पर्याय नाही, ती खाज कमी करते, घशाची सूज वेळेत उतरवत नाही.

श्वास बरा असेल आणि चक्कर जास्त असेल तर निजवून पाय वर, श्वासाचा त्रास जास्त असेल तर बसवून. एकदम उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, बीपी कोसळून माणूस जागीच जाऊ शकतो. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये काही तास थांबायचंच, कारण रिॲक्शन परत उलटू शकते.

९. बुडणं, धूर, गॅस

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात जाते. श्वास नसेल तर इथे सुरुवात श्वासांनी: आधी २ ते ५ श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास. नंतर ठीक वाटलं तरी डॉक्टरला दाखवा.

विहीर, टाकी, सेप्टिक टँक, बंद गोदाम अशा जागी कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर आत उतरू नका. आपला माणूस आत आहे म्हटल्यावर पाय थांबत नाहीत हे मी समजू शकते, पण एकामागून एक उतरलेले सगळे अशाच जागी दगावतात. वरून हवा सोडा, दोर टाका, फायर ब्रिगेडला फोन करा.

बंद खोलीत शेगडी, कोळसा, जनरेटर चालू असताना डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या आणि आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, त्यामुळे तो आरामात ९८ दाखवतो. आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

१०. जवळ काय ठेवायचं

- चालू तारखेचा इनहेलर आणि स्पेसर, दम्याचा पेशंट असेल तर दोन जागी
- ॲड्रेनलिन पेन, सांगितलेला असेल तर दोन, गाडीच्या उन्हात न ठेवलेले
- सीपीआरसाठीचा फेस शील्ड किंवा पॉकेट मास्क
- हातमोजे, कात्री, टॉर्च
- एक कागद: पेशंटचं नाव, वय, आजार, चालू औषधं आणि डोस, कशाची ॲलर्जी, डॉक्टरचा आणि घरच्यांचा नंबर. फ्रिजवर चिकटवा आणि फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

एक्स्पायरी महिन्यातून एकदा बघायची आठवण मोबाईलमध्ये लावा.

११. मदत आल्यावर

दार उघडं ठेवा, लिफ्ट अडवून ठेवा, एकाला गेटवर उभं करा. टीमने स्वतः सांभाळेपर्यंत तुमचं दाबणं थांबवू नका. मग त्यांना सांगा: कधी सुरू झालं, काय खाल्लं-प्यायलं किंवा कशाचा संपर्क झाला, किती पफ किंवा किती इंजेक्शन दिली आणि किती वाजता, मध्ये बेशुद्ध होता का, सीपीआर किती वेळ चालला. वेळ लक्षात राहत नाही, म्हणून पेन दिल्याची वेळ हातावर बॉलपेनने लिहिली तरी चालते. वापरलेला पेन, इनहेलर, खाल्लेल्या गोष्टीचं पाकीट आणि तो कागद सोबत पाठवा.